वादळात लाइट गेली तर? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या ग्रुपवर, जिन्यात, मीटर केबिनसमोर जे प्रश्न दरवर्षी पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधीच एक सांगून टाकतो: मुंबईत लाइट गेल्याने माणूस सहसा दगावत नाही, साचलेल्या पाण्यात लाइट चालू राहिल्याने दगावतो. खालची बरीच उत्तरं याच हिशोबाने लिहिली आहेत, म्हणून काही ठिकाणी तुमच्या सोयीच्या उलट वाटतील.

ही तयारी पावसाळ्यापुरतीच ना? थंडीत मुंबईत कुठलं आलंय वादळ?

बर्फाचं वादळ नाहीच. सांताक्रूझला नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ चं. पण अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन असतात: एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान मुंबईच्या जवळून गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखीने ऐन थंडीत पाऊस आणला. ५ डिसेंबरला शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि महापरिनिर्वाण दिनासाठी शिवाजी पार्कवर आलेल्या लोकांना महापालिकेच्या शाळांत हलवावं लागलं. निसर्ग ३ जून २०२० चं, तौक्ते १७ मे २०२१ चं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जण गेले, तेव्हा तर चक्रीवादळही नव्हतं, दुपारनंतर उठलेलं धुळीचं वादळ होतं.

त्यामुळे दसऱ्यानंतर छत्री माळ्यावर टाकायला हरकत नाही, टॉर्च मात्र खालीच राहू द्या.

मुंबईत तारा जमिनीखाली आहेत. मग वादळात लाइट जाते कशी?

निसर्गमध्ये रायगडात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं अंधारात राहिली. मुंबईत बहुतेक केबल जमिनीखाली असल्याने वाऱ्याचा तो त्रास कमी. आपल्याकडे घात करतं ते पाणी. केबलच्या जोडात पाणी शिरतं, रस्त्याकडेच्या फीडर पिलरमध्ये (इमारतींना वीज वाटणाऱ्या लोखंडी डब्यात) शिरतं, तळमजल्यावरच्या सबस्टेशनमध्ये शिरतं. वर्षभर रस्ते खोदताना केबलला लागलेले घाव पहिल्या मोठ्या पावसात बोलू लागतात. खांब पडला तर तो दिसतो. जमिनीखालचा दोष मात्र यंत्र लावून शोधावा लागतो, मग खड्डा खणायचा, त्यातलं पाणी उपसायचं, जोड नवा करायचा. म्हणून ‘एवढा वेळ का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा खड्ड्यात असतं.

आणि कधीकधी दोष मुंबईत नसतोच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास सगळी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कारण होतं कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांमधला बिघाड. बाहेरचं जाळं कोसळलं की शहराने आपोआप वेगळं होऊन स्वतःच्या विजेवर चालत राहावं अशी ‘आयलँडिंग’ व्यवस्था मुंबईला आहे, ती त्या दिवशी टिकली नाही. त्या दिवशी वादळ नव्हतं. तयारी आभाळ बघून करायची नाही, हा त्याचा अर्थ.

पाणी भरलं की कंपनी मुद्दाम लाइट बंद करते. भांडायचं का?

नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत ठिकठिकाणी वीज तोडावी लागली आणि काही वस्त्यांत ती परत यायला दिवस लागले. पाणी मीटरच्या डब्यापर्यंत आलं असताना वीज चालू ठेवणं म्हणजे तळमजल्यावरच्यांचा जीव पणाला लावणं. दहाव्या मजल्यावरून फोन करून ‘आमच्याकडे तर पाणी नाही’ असं सांगणाऱ्यांनी एकदा खाली डोकावून यावं.

लाइट फक्त आमचीच गेली की सगळ्यांची? फोन कोणाला करू?

आधी जिन्यातला दिवा आणि समोरची इमारत बघा. दोन्हीकडे उजेड असेल तर दोष तुमच्या घरात किंवा मीटरपाशी. घरातल्या डब्यात ईएलसीबी (विजेची गळती झाली की आपोआप पडणारा मोठा स्विच) पडला असेल तर सगळे एमसीबी (एकेका भागाचे छोटे स्विच) खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याने तो पुन्हा पडेल त्या खोलीत गळती आहे. पावसात तो बहुधा गिझरचा, गॅलरीतल्या प्लगचा किंवा ओल आलेल्या भिंतीतला असतो. तो एमसीबी खालीच ठेवा आणि वायरमनला बोलवा. पुन्हा पुन्हा पडतो म्हणून ईएलसीबीला बायपास करून घेणारे लोक आहेत. तुमच्या घरात तसं झालं असेल तर आजच दुरुस्त करून घ्या, हा माणूस वाचवणारा एकमेव तुकडा आहे.

इमारतीत निम्म्या घरांत लाइट आणि निम्म्यांत नाही, असं असेल तर एक फेज (इमारतीत वीज आणणाऱ्या तीन वायरींपैकी एक) गेली आहे. तक्रार करताना तेच शब्द वापरा, येणारा माणूस योग्य तयारीने येतो.

शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, बेस्ट. उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, बऱ्याच घरांत टाटा पॉवर. मुलुंड-भांडुपकडे महावितरण. महावितरणचा क्रमांक १९१२, अदानीचा १९१२२. बेस्टचे क्रमांक विभागवार असतात, तुमचा बिलावर सापडेल. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण ग्राहक क्रमांक अंधारात कोणालाच आठवत नाही. तक्रार क्रमांक लिहून घ्या, तो पुढे लागतो. झाड पडणं, पाणी साचणं, भिंत खचणं यासाठी महापालिकेचा १९१६.

दिवे अचानक खूप प्रखर झाले आणि पंखा सुसाट फिरायला लागला. हे काय?

वाचत बसू नका, मेन बंद करा. हा न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) सुटल्याचा प्रकार. घरात २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल तुटला की ते तीनशेच्या वर जाऊ शकतात. एका घरात दिवे मंद आणि शेजारी लख्ख, हीसुद्धा त्याचीच खूण. शेजाऱ्यांची दारं वाजवा, त्यांनाही मेन पाडायला सांगा आणि मग कंपनीला ‘न्यूट्रल गेलाय’ म्हणून कळवा. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन एका फटक्यात जातात ते याच्यात.

आम्ही तळमजल्यावर राहतो. पाणी आत येतंय. नेमकं कधी काय करायचं?

मेन स्विच पाणी यायच्या आधी पाडायचा, आल्यावर नाही. उंबऱ्याला पाणी लागलं की हीच वेळ. कोरड्या जागेवर, पायात रबरी चप्पल, हात कोरडा. पाणी घरात शिरलंय आणि स्विचपर्यंत जायला त्यातून जावं लागतंय, तर जाऊ नका. बाहेर पडा आणि कंपनीला फोन करून तिकडून वीज तोडायला सांगा.

त्याआधीच्या अर्ध्या तासात जमिनीवरचे एक्स्टेन्शन बोर्ड उचला. पलंगाखालून नेलेली वायर, फ्रिजमागचा जमिनीलगतचा प्लग आणि इन्व्हर्टरची बॅटरी हमखास विसरली जाते. मेन पाडला तरी इन्व्हर्टर घरात वीज सोडत राहतो, तोही वेगळा बंद करावा लागतो.

बैठ्या वस्तीत आणखी एक धोका आहे. पत्र्याच्या भिंतीवरून किंवा लोखंडी जिन्यावरून वायर गेली असेल आणि तिचं आवरण सोललं असेल, तर सगळा पत्रा ‘करंट मारतो’. पावसात पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर ते ओलीमुळे असं म्हणून सोडू नका, ती पहिली सूचना आहे. कोणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नका. आधी वीज तोडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला दूर ढकला. मग १०८.

डोंगर उतारावरच्या घरांत राहणाऱ्यांनी लाइटची वाट न बघता निघायचं. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळीत दरड आणि भिंत कोसळली, ती माणसं झोपेत होती.

साचलेल्या पाण्यातून चालत आलो. लाइट राहू दे, आजाराचं काय?

लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा, पायाला जखम असेल तर नक्कीच. प्रतिबंधक गोळी ते ठरवतील, केमिस्टकडून स्वतः घेऊ नका. आणि चालताना खांब, फीडर पिलर, दुकानांचे लोखंडी शटर यांच्यापासून लांबून जा.

मीटर केबिन तळमजल्यालाच आहे. सोसायटीने काय करावं?

मीटर वर घ्यावेत. खर्चिक आहे, सर्वसाधारण सभेत वाद होतात, दोन वर्षं जातात, तरी करावं. तोवर केबिनच्या दाराला उंबरा बांधा, केबल आत येते तिथली भोकं बुजवा आणि केबिनमधल्या सायकली, जुने नोटीस बोर्ड, गणपतीचं मखर बाहेर काढा. मखर ठेवायला दुसरी जागा मिळत नाही हे मला मान्य आहे. पण थर्माकोल आणि मीटर एका खोलीत नकोत.

लाइट गेली तरी पाण्याची टाकी भरलेली आहे. काळजी कशाची?

माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढतं. लाइट नसेल तर खालची टाकी भरलेली आणि नळ कोरडे, अशी गंमत होते. वरची टाकी सहसा दिवसभराच्या वापराचीच असते आणि लाइट गेल्याचं कळताच प्रत्येक जण बादल्या, पिंप, टोप भरायला लागतो, त्यामुळे ती दोन तासांत संपते. वादळाचा इशारा असेल तर सेक्रेटरींनी आदल्या रात्री दोन्ही टाक्या भरून घ्याव्यात आणि लाइट गेल्यावर वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून ठरावीक वेळी पाणी सोडावं. लोक रागावतील. तिसऱ्या दिवशी आभार मानतील.

खालच्या टाकीचं झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर गटाराचं पाणी आत जातं. पाणी ओसरल्यावर त्या टाकीतलं पाणी वर चढवायचं नाही. टाकी रिकामी करून धुवायची, मग भरायची. तोवर पिण्याचं पाणी उकळून. ‘उकळी आली की गॅस बंद’ नको, खळखळून उकळलेलं काही मिनिटं राहू द्या. घरातला आरओ लाइटशिवाय चालत नाही, म्हणून एक कळशी आधीच भरून ठेवा.

हा प्रश्न तुमच्या इमारतीपुरता नसतो. १८ जुलै २०२१ ला भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचं पाणी शिरलं, तिथली विजेची यंत्रणा बंद पडली आणि शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा अडला. लाइट भांडुपला गेली, नळ अंधेरीत आणि दादरला कोरडे झाले. त्यानंतर महापालिकेने पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं.

लिफ्टमध्ये अडकलो तर?

घंटा वाजवा, खाली बसा, वाट बघा. लिफ्टमध्ये हवा येत असते, गुदमरत नाही. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टचं दार उघडून उडी मारू नका. खालच्या फटीतून माणूस थेट खड्ड्यात जातो. वॉचमनने ओढून काढायचा प्रयत्नही तसाच धोक्याचा. लिफ्टचा माणूस किंवा अग्निशमन दल, १०१. लाइट जाताच लिफ्ट जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडणारं उपकरण, एआरडी, बसवलेलं असेल तर त्याची बॅटरी देखभालीच्या वेळी तपासून घ्या. आणि पाणी भरण्याची शक्यता असेल तर लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून बंद करून ठेवा. खड्ड्यात पाणी आणि लिफ्ट तळाला, म्हणजे महिनाभराची दुरुस्ती.

आमचा इन्व्हर्टर किती वेळ चालेल?

दुकानदार सांगतो त्याच्या साधारण दोन तृतीयांश धरा. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हाती येतात जेमतेम १२००. साधा पंखा ७५ वॉट, एलईडी दिवा ९, वायफायचा राउटर १०. दोन पंखे, चार दिवे आणि राउटर म्हणजे दोनशेच्या घरात, त्यामुळे सहा तास. बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल तर निम्मे. बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॉटवर चालतो, म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

फ्रिज, मिक्सर, इस्त्री, एसी इन्व्हर्टरवर नको. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर मे महिन्यात आणि नवरात्रात बघून घ्या, नळाचं पाणी अजिबात नाही.

फ्रिजमधलं अन्न किती वेळ टिकतं? पापलेट आहे हो!

दार न उघडल्यास फ्रिजमध्ये चार तास, गच्च भरलेल्या फ्रीझरमध्ये ४८ तास, अर्ध्या भरलेल्यात २४. हे आकडे दार न उघडल्यास, आणि आपल्याकडे दर दहा मिनिटांनी कोणीतरी ‘थंड आहे का अजून’ बघायला उघडतंच. त्यात मुंबईचा उकाडा. म्हणून पापलेट, कोलंबी, चिकन त्याच दिवशी शिजवून संपवा. दूध लगेच तापवा आणि दर काही तासांनी पुन्हा. शिजलेला भात बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खाणं या दिवसांत टाळा. लोणचं, चटण्या, केचप, तूप यांना काही होत नाही.

एक युक्ती: फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. गावाहून परत आल्यावर नाणं तळाला दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं, टाकून द्या.

मेणबत्ती चालेल?

पडदे, मच्छरदाणी, मुलं, मांजर. नाही. बॅटरीवर चालणारे एलईडी बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, साध्या होल्डरला बसतात आणि लाइट गेली तरी काही तास पेटतात.

गॅस चालू राहतो का?

पाइपचा गॅस आणि सिलिंडर, दोन्ही. इंडक्शन आणि चिमणी नाही, म्हणून खिडकी उघडी ठेवा. शेगडी आपोआप पेटणारी असेल तरी लायटर घरात असू द्या. वास आला तर टॉर्चसुद्धा बाहेर जाऊन लावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६.

मोबाइलचं नेटवर्क का जातं? वायफाय चालू ठेवता येईल?

टॉवरला बॅटरी असते, ती काही तासांची. त्यातून सगळे एकदम फोन करतात. एसएमएस अशा वेळी कॉलपेक्षा लवकर पोचतो. वायफायसाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, पण केबलवाल्याचा जिन्यातला किंवा गच्चीवरचा डबा लाइटवर असेल तर तुमचा यूपीएस उपयोगाचा नाही, हे आधी विचारून घ्या. गाडीत फोन चार्ज करायला बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. धुराने माणसं बेशुद्ध होतात, बंद जागेत तर कळतही नाही. भाड्याचा जनरेटर पॅसेजमध्ये किंवा बाल्कनीत ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं.

आईला ऑक्सिजन लागतो, बाबांना इन्सुलिन. काय तयारी?

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लाइटवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना घरात हवा आणि तो लावता येणारी दोन माणसं हवीत, एक नाही. इन्सुलिन वापरात घेतलेलं असेल तर बहुतेक प्रकार ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतात, खोक्यावर बघून घ्या. न उघडलेल्यासाठी जुना उपाय: मातीच्या मडक्यात थोडं पाणी, त्यात कोरडा डबा, डब्यात इन्सुलिन, वर ओलं फडकं. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. सातव्या मजल्यावर पाय दुखणारे आजी-आजोबा एकटे असतील तर सेक्रेटरींकडे त्यांची नावं असावीत. लिफ्ट बंद म्हणजे त्यांच्यासाठी औषधाचं दुकानही बंद.

मुलगी अमेरिकेत आहे. तिकडे हिमवादळात लाइट गेली तर हेच सांगू?

नको, तिकडचं गणित वेगळं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये ४५ लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात गेली. माणसं थंडीने दगावली, आणि ऊब मिळावी म्हणून बंद घरात कोळसा पेटवून, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून, कार्बन मोनॉक्साइडने दगावली. म्हणून तिला सांगा: जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर. ओव्हन पेटवून खोली तापवायची नाही. विषारी वायूचा अलार्म बॅटरीवर चालतो ना ते बघायचं. हीटर गॅसवरचा असला तरी गरम हवा फिरवणारा पंखा विजेवर असतो, तेव्हा गॅस आहे म्हणून निर्धास्त राहू नये. सगळ्यांनी एका खोलीत, दारांच्या फटी बुजवून बसायचं. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून नळ बारीक धारेने सोडून ठेवायचा. हे शेवटचं मुंबईच्या आईला पटवणं कठीण जातं.

उलट, तिकडून फॉरवर्ड होऊन आलेली ‘वादळासाठी ब्लँकेट आणि मीठ’ यादी इथे वापरू नका. तिच्यात उकाडा, डास आणि चार मजले चढून न्यायच्या बादल्या नाहीत.

इशारा आलाय. हातात चार तास आहेत. आधी काय?

गच्ची. सुटलेले पत्रे, पाण्याच्या टाकीची झाकणं, कट्ट्यावरच्या तुळशीच्या आणि शोभेच्या कुंड्या, ताडपत्री धरून ठेवणाऱ्या विटा. तौक्तेच्या वेळी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. तेवढ्या वाऱ्यात वीट बाराव्या मजल्यावरून काय करेल ते वेगळं सांगायला नको. मग फोन आणि पॉवर बँक चार्ज, पाणी, औषधं. हवामान खात्याचा लाल इशारा आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी असेल तर पाणी समुद्रात जाणार नाही, सखल भागातल्यांनी गाडी उंचावर लावावी. विजांसाठी दामिनी ॲप आहे. गडगडाट होत असताना गच्चीवर व्हिडिओ काढायला जाऊ नका.

सोसायटीतलं झाड तोडायचा किंवा छाटायचा विचार त्या चार तासांत करू नये. त्याला महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, ती एप्रिलमध्ये मागायची.

लाइट आली! सगळं एकदम चालू करू?

थांबा. आधी एक दिवा, पाच मिनिटं. तो स्थिर असेल तर पंखे, मग फ्रिज, शेवटी एसी आणि गिझर. पहिल्या काही मिनिटांत व्होल्टेज हेलकावे खातं, शिवाय सगळ्या इमारतीने एकदम एसी लावले तर फ्यूज पुन्हा जातो. ज्या घरात पाणी शिरलं होतं तिथे वायरमनने तपासल्याशिवाय मेन चढवायचा नाही. भिंत वरून कोरडी दिसते, आतला वायरचा पाइप ओला असतो.

टीव्ही जळला. भरपाई मिळते?

सहज नाही. वीज परत आणायला किती वेळ लागावा याची मर्यादा राज्य वीज नियामक आयोगाने ठरवून दिली आहे, ती मोडली तर भरपाई मागता येते. त्यासाठी तो तक्रार क्रमांक आणि वेळ लागते. कंपनीकडे लेखी द्या, जळलेल्या वस्तूचा फोटो आणि दुरुस्तीवाल्याचा कागद जोडा, शेजाऱ्यांच्याही वस्तू जळल्या असतील तर अर्ज एकत्र करा. न्यूट्रल गेला होता हे एकट्याने सिद्ध करणं अवघड, चौघांचे टीव्ही एकाच संध्याकाळी गेले तर सोपं. कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील नसला तरी चालतं, तक्रार तुम्ही स्वतः मांडू शकता.